घट धरून

४ जानेवारी

ती. मामास,
नमस्कार.

पत्र मिळालं. "तू तिथे नक्की करतेस तरी काय? शेजारचे विचारतात आणि मी 'लोखंडाच्या कारखान्यात आहे' असं सांगून वेळ मारून नेतो," असं लिहिलं आहेस. लोखंड नाही रे मामा, टायटॅनियम! जन्मभर भट्टीसमोर उभा राहिलेला माणूस तू, निदान धातूचं नाव तरी नीट सांग.

तर ऐक. एका खोलीएवढी पोलादी पेटी आहे. पंप लावून तिच्यातली हवा काढून टाकतात, पार निपटून. वर छताला बंदुका बसवलेल्या आहेत, त्यांच्यातून इलेक्ट्रॉनचा झोत खाली येतो. झोत जिथे पडेल तिथे धातू वितळतो. कोळसा नाही, धूर नाही, ज्वाळा नाही. एका टोकाने कच्चा माल आत सरकत राहतो, वितळून तांब्याच्या पन्हळीतून वाहतो आणि साच्यात पडतो. साच्याखालून गोठलेला दांडा हळूहळू खाली उतरतो. मी जाड काचेतून बघत बसते आणि झोत कुठे किती वेळ फिरवायचा ते सांभाळते.

आमच्या धातूत शंभरात सहा भाग ॲल्युमिनियम लागतं. पण बिनहवेच्या पेटीत ते जागेवर राहतच नाही, वाफ होऊन उडतं. टायटॅनियम बिचारं बसून राहतं आणि ॲल्युमिनियम पळ काढतं. म्हणून सहा हवं तर आम्ही आधीच सात-साडेसात घालतो. पळालेलं जातं कुठे? पेटीच्या झाकणाला आतून चिकटतं, पातेल्याच्या झाकणाला वाफ धरते तसं. चंदेरी पापुद्रे लोंबायला लागतात. एखादा पापुद्रा खाली पडला तर अख्खा दांडा फुकट, म्हणून दर वितळीनंतर कोणीतरी आत शिरून झाकण खरवडायचं.

बाकी मी मजेत. दुपारी जेवायला आम्ही सहा-सातजण एकाच टेबलावर बसतो, हसून हसून पुरेवाट होते. खोली छान आहे, उजेड भरपूर. काळजी करू नकोस. भिडूकाकांना नमस्कार सांग.

तुझी,
सांडशी

१९ जानेवारी

चि. सांडशीस अनेक आशीर्वाद.

तुला लहानपणी सांडशी म्हणायला लागलो ते एकदा धरलेलं बोट तू सोडत नसायचीस म्हणून. आता मोठी होऊन इलेक्ट्रॉन धरतेस म्हणे. धर बाई.

पण उडणाऱ्या धातूचं मला काय शिकवतेस? पितळ म्हणजे काय? तांबं आणि जस्त. तांबं वितळेपर्यंत जस्ताला दम कुठला? पांढरा धूर होऊन ते निघालंच वर. आमच्या कारखान्यात छताखालच्या तुळया पिठाच्या गिरणीसारख्या पांढऱ्या असायच्या. तो धूर नाकात गेला की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप. भिडू ओतकाम करायचा, मी हिशेब आणि साचे. जस्त किती जादा घालायचं ते मी काढायचो. त्याला आम्ही 'घट धरणं' म्हणायचो. सोनारही तोच शब्द वापरतो. जाणार तेवढं आधीच धरून चालायचं. तुमच्या साहेबलोकांनी बंदुका लावल्या म्हणून काही नवीन केलं नाही.

इकडे ठीक. कान पूर्ण गेलेत. तू दिलेला मोबाइल डब्यात आहे, त्यावरची अक्षरं मुंग्यांएवढी आणि मुंग्यांसारखीच पळतात. दाराच्या घंटीला मात्र दिवा जोडून घेतलाय. कोणी बटण दाबलं की डोक्यावरचा दिवा लागतो. भिडू रोज संध्याकाळी येतो, पट मांडतो आणि मी चहा ठेवायला उठलो की माझा घोडा चोरतो. काल रंगेहाथ पकडला, तर म्हणतो, "तुझा घोडा उधळला असेल." असा निर्लज्ज माणूस आहे. तू आपली मजेत राहा.

एक सांगतो. तुझी पत्रं मी घट धरून वाचतो. सहा-सातजण टेबलावर म्हणतेस, मी दोन धरले. उजेड भरपूर म्हणतेस, एक खिडकी धरली. चुकलं का माझं?

मामा

११ फेब्रुवारी

ती. मामास,
नमस्कार.

खिडकी एकच आहे. समोर भिंत आहे. पण भिंत पिवळी आहे, त्यामुळे दुपारी तासभर बरं दिसतं. झालं समाधान?

आज वेगळ्याच गोष्टीसाठी लिहितेय. आमच्याकडे दुसऱ्या पाळीत एक बाई आहे, माझीच मैत्रीण समज. ती फार अडचणीत सापडली आहे आणि तिने मला सल्ला विचारला. मला सुचेना, म्हणून तुला विचारते.

तिच्याबरोबर भट्टीवर एक म्हातारे गृहस्थ असतात. थर्मास घेऊन येतात म्हणून सगळे त्यांना थर्मासकाका म्हणतात. थर्मासला दोन झाकणं असतात ना, एक मोठं, एक छोटं, मोठ्यातून ते चहा पितात आणि छोटं तिला देतात. निवृत्तीला थोडेच महिने राहिलेत. बायको पडून आहे, रात्र रात्र तिच्याजवळ बसून हे सकाळी कामावर. एका दुपारी ही मैत्रीण पंपांचं तेल बदलायला खाली गेली. वर काका एकटेच. परत आली तर काका खुर्चीत, हातात झाकण तसंच, डोळे मिटलेले. माल आत सरकवणारी पट्टी अडकून बसली होती. नवीन माल पडत नाही आणि वरून झोत चालूच. घड्याळावरून बघितलं, अडतीस मिनिटं. तेवढा वेळ त्या एकाच डबक्यातून ॲल्युमिनियम उडत राहिलं आणि भर काही पडली नाही.

नियम असा आहे की दहा मिनिटांच्या वर खंड पडला तर वहीत लिहायचं, म्हणजे दांड्याचा तेवढा भाग कापून टाकतात. पण वहीत लिहिलं की काका भट्टीवरून गेलेच. ते एवढंच म्हणाले, "पोरी, तू बघितलंस." आणि तिने वहीत लिहिलं, 'सर्व सुरळीत'. तिच्याच अक्षरात.

नमुने पाच ठिकाणचे घेतात. ॲल्युमिनियम कमी पडलेला तो पट्टा दोन खुणांच्या मधे पडला असणार. पाचही नमुने पास झाले. दांडा आता आवारात पडून आहे, एप्रिलमध्ये जाईल. त्याच्या सळ्या होतात आणि त्या सळ्या माणसांच्या मांडीच्या हाडात बसवतात. पट्ट्यातला धातू मऊ असणार, हे जगात दोघांनाच माहीत आहे.

तिने काय करावं?

तुझी,
सांडशी

२४ फेब्रुवारी

चि. सांडशीस आशीर्वाद.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस? त्या मैत्रिणीचं अक्षर हुबेहूब तुझ्यासारखं आहे, 'सुरळीत' लिहिताना शाई जरा फुटलीसुद्धा आहे.

सल्ला सोपा आहे. जाऊन सांगून टाक. त्यात एवढं विचारायचं काय? आज सांगितलंस तर एक दांडा जाईल, उद्या कोणाची मांडी जाईल. थर्मासकाका दोन दिवस फुगतील आणि तिसऱ्या दिवशी चहा ओततील. पुरुषमाणसांचं तसंच असतं. मी आणि भिडू शंभरदा भांडलो असू, आरडाओरडा करून छप्पर उडवायचो, आणि संध्याकाळी पुन्हा पट मांडलेला. कालच त्याने माझा उंट ढापला. मी म्हटलं, उंट कुठाय? म्हणतो, वाळवंटात.

तेव्हा उगाच जीवाला घोर लावून घेऊ नकोस. सांग आणि मोकळी हो.

मामा

९ मार्च

ती. मामांस,
सा. न.

तुमचं पत्र वाचलं. सांग आणि मोकळी हो! उचलली जीभ लावली टाळ्याला. तुम्हाला काय जातंय? तुमच्याकडे भिडूकाका आहेत. रोज संध्याकाळी दिवा लागतो, कोणीतरी येतं, घोडा चोरतं, तुम्ही त्याच्यावर ओरडता. ओरडायला माणूस लागतं, मामा. ते तुमच्याकडे आहे.

घट धरूनच वाचता ना, मग आता न धरता वाचा. टेबलावर सहा-सातजण नसतात. दोनही नसतात. मी सूचनाफलकासमोरच्या बाकावर बसून डबा खाते. आग लागल्यास काय करावे, हे मला सतराही कलमांसकट पाठ आहे. शुक्रवारी संध्याकाळी खोलीत शिरले की सोमवार सकाळपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. दुकानात पाटीवर किंमत लिहिलेली असते, तिथेही बोलावं लागत नाही. सोमवारी काका म्हणतात, "काय पोरी?" आणि मी "बरं आहे" म्हणते, तेव्हा आवाज असा घोगरा निघतो की माझी मलाच लाज वाटते. मग ते छोटं झाकण पुढे करतात. आठवड्यात माझ्याशी पहिल्यांदा बोलणारा तो माणूस आहे, आणि बहुतेक आठवड्यांत शेवटचाही तोच.

शिकायला घर सोडलं त्याला बारा वर्षं झाली, आणि इथे येऊन चार. चार वर्षांत मला एक माणूस मिळालं. त्याचं नाव वहीत लिहून द्यायला सांगता?

आणि तरी मला रोज तो दांडा दिसतो. बसमधून उतरले की आवाराच्या जाळीतून दिसतो. सव्वीस नंबर. कोणाच्या तरी मांडीत जाणार आहे, हे मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? एखादी माझ्यासारखीच असेल. पडून राहिली तर तिच्याकडे कोण बघणार?

तुम्हाला नाही कळायचं ते. भिडूकाकांना नमस्कार सांगा.

आपली,
भाची

२२ मार्च

चि. सांडशीस,

तू मला 'तुम्ही' म्हणालीस. याआधी एकदाच म्हणाली होतीस, सात वर्षांची असताना, माझ्या पायाखाली तुझा पतंग फाटला तेव्हा. पत्र वाचून चार दिवस टेबलावर ठेवलं. आज लिहायला बसलोय.

भिडूला तुझा नमस्कार सांगू शकत नाही. तो येत नाही. अकरा वर्षं आलेला नाही.

मधे तू दोनदा येऊन गेलीस. दोन्ही वेळा मी सांगितलं, तो मुलीकडे गेलाय. तो कुठेही गेला नव्हता, चार गल्ल्या पलीकडेच राहतो. रोज संध्याकाळी मी पट मांडतो हे खरं. उजव्या हाताने माझ्या सोंगट्या हलवतो, डाव्याने त्याच्या. घोडा चोरतो तोही मीच. दाराचा दिवा तुझं पत्र आलं की लागतो आणि गॅसवाला आला की लागतो. तू तिकडे एकटी, त्यात मी इकडे एकटा हे कशाला कळवायचं, म्हणून भिडूला घालत गेलो. जाणार तेवढं आधीच धरून. पहिल्या वर्षी एक ओळ घातली होती, मग घालतच राहिलो. खोटं बोलताना माणूस एवढा रंगात येतो हे मलाही माहीत नव्हतं.

काय झालं ते सांगतो, कोणाला सांगितलेलं नाही.

पंपांच्या दोनशे व्हॉल्व्हची मागणी होती. भिडूची बायको दवाखान्यात होती, तिचा निरोप यायचा होता. बिचारा सारखा दारात जाऊन उभा राहायचा. मूस भट्टीत तशीच तापत राहिली आणि जस्त सगळं धूर होऊन गेलं. ओतल्यावर माल पिवळा यायच्या ऐवजी तांबूस आला, आणि भोकाभोकांचा. त्याला दिसलं, मला दिसलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. मीच म्हटलं, चालून जाईल. माल बांधला आणि पाठवला.

आठ आठवड्यांनी सगळा परत आला. व्हॉल्व्हांतून पाणी पाझरत होतं. घेणारा माणूस कारखान्याच्या मधोमध उभा राहिला, आमची सहा माणसं बघताहेत, आणि विचारलं, "हे ओतलं कोणी?"

सांडशे, मी तोंडाने काही बोललो नाही. बोट दाखवलं.

भिडूने खुंटीवरचा सदरा काढला, अंगात घातला, सगळी बटणं लावली आणि गेला. त्यानंतर महिनाभरात कारखाना बंद केला. मी लोकांना सांगितलं, वय झालं.

मी दाखवलं ते खरंच होतं की नाही? त्यानेच ओतलं होतं. अकरा वर्षं मी हेच घोकतोय, मी खोटं कुठे बोललो? पण आठ आठवडे दोघांनी मिळून लपवलं आणि सापडल्यावर ते मी त्याच्या एकट्याच्या पदरात टाकलं. बैल गेला आणि झोपा केला, तोही दुसऱ्याच्या नावाने. आधीच त्याचा हात धरून म्हटलं असतं, चल भिडू, दोघं मिळून सांगू, तर मालाचं नुकसान तेवढंच झालं असतं. भिडू राहिला असता.

मागच्या पत्रात तुला 'सोपं आहे' लिहिलं, त्याची मला शरम वाटते. सोपं मुळीच नाही. कदाचित काका जातील. तो दिवस यायच्या आत सांग, आणि साहेबाला सांगायच्या आधी काकांना सांग. तोंडावर. एवढंच मला कळतं.

रागावली असलीस तरी लिही. वाट बघतोय.

मामा

२० एप्रिल

मामा,

तुझं पत्र बसमध्ये वाचलं आणि माझा थांबा मागे गेला. मग चालत आले. तुझ्यावर रागवायचं होतं, अकरा वर्षं मी त्या माणसाला नमस्कार पाठवतेय! पण डाव्या हाताने घोडा चोरणारा तू डोळ्यांसमोर आलास आणि रस्त्यात रडायलाच आलं. फार वाईट आहेस तू.

आता माझं ऐक.

सोमवारी काकांनी झाकण पुढे केलं. मी म्हटलं, "काका, मी सांगणार आहे. तुम्ही पण चला. दोघं मिळून सांगू. तेल बदलायला मी जास्त वेळ लावला, 'सुरळीत' मीच लिहिलं, तेही सांगेन." ते थर्मासचं बूच फिरवत होते, फिरवतच राहिले. मग म्हणाले, "दोन महिने राहिलेत माझे." मी म्हटलं, "माहीत आहे." ते म्हणाले, "माझ्या घरी काय आहे ते तुला माहीत आहे." मी म्हटलं, "तेही माहीत आहे." मग त्यांनी बूच घट्ट बसवलं. शेवटी म्हणाले, "वहीत अक्षर तुझं आहे, पोरी." आणि उठून गेले. माझा चहा झाकणात तसाच होता. मी प्यायले, टाकवेना.

दोन दिवस थांबले, येतील म्हणून. बुधवारी एकटीच वर गेले. आमच्या मोठ्या बाई फार कडक आहेत, मला वाटलं ओरडतील. त्यांनी एवढंच विचारलं, "कोणता दांडा?" मी सांगितलं. त्यांनी फोन उचलला. दांडा ट्रकवर चढला होता, मामा. दोर बांधत होते.

कापला. वीतभर पट्टा निघाला. सहाच्या जागी चार पूर्णांक सात. बाईंनी कागद माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, "ठीक आहे, जा." काय ठीक होतं कोण जाणे.

मला भट्टीवरून काढलंय, सहा महिने. आता मी पेटीत शिरून झाकण खरवडते. काकांना उरलेले दिवस घरी बसायला सांगितलं. कोणी मला काही बोलत नाही, म्हणजे आधीही बोलत नव्हतं, पण आता न बोलण्यात जोर असतो. मी गेले की नळावरची माणसं बाटल्या अर्ध्याच भरून निघतात. चहाडखोर म्हणत असतील. म्हणोत. सळी कोणाच्या मांडीत गेली नाही, हे मी रोज सकाळी स्वतःला सांगते आणि दुपारपर्यंत पुरतं. दुपारनंतर पुरत नाही. खोटं कशाला लिहू, फार एकटं वाटतं. आधीपेक्षा जास्त.

काल काका किल्ल्या परत करायला आले होते म्हणे. मी पेटीत होते, तोंडाला फडकं, डोक्यावर पापुद्रे. बाहेर आले तोवर ते गेलेले. माझ्या कपाटाच्या फळीवर ते छोटं झाकण ठेवलेलं होतं. चिठ्ठी नाही, काही नाही. धुतलेलं होतं.

मामा, याचा अर्थ काय? 'हे घे, तुझं आणि माझं संपलं' असा, की 'हे तुझंच आहे, असू दे' असा? काल रात्रीपासून मी ते उलटसुलट करून बघतेय. तू मोठा आहेस, तुला माणसं कळतात. सांग ना.

तुझीच,
सांडशी

३ मे

चि. सांडशीस अनेक, अनेक आशीर्वाद.

पत्र पाचवेळा वाचलं. या खेपेला घट धरावी लागली नाही.

तू ट्रकवरून दांडा उतरवलास. माझ्या हातून जे झालं नाही ते तू केलंस, तेही एकटीने जिना चढून. शाबास माझी सांडशी. तुझी आई असती तर तिने तुला जवळ घेतलं असतं, मला ते पत्रातून जमत नाही. पण लिहितो तरी: मला तुझा फार अभिमान वाटतो, आणि तू तिथे बाकावर एकटी बसतेस याने माझ्या पोटात तुटतं. दोन्ही खरं आहे.

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी पट मांडला आणि डावा हात उचलेना. म्हटलं, ती एवढीशी पोर जिना चढली आणि तुला चार गल्ल्या चालवत नाहीत? दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेला सदरा घातला, सगळी बटणं लावली आणि गेलो.

दार त्यानेच उघडलं. केस पार गेलेत. वाळलाय, पण उभा तसाच राहतो, एक पाय पुढे. मी रस्ताभर पाठ केलेलं बोलून टाकलं. "भिडू, माल दोघांचा होता. बोट मी एकट्याने दाखवलं. चुकलं माझं." बहुतेक फार मोठ्याने बोललो, कारण समोरच्या घराची खिडकी उघडली.

तो बघत राहिला. मग त्याचे ओठ हलले. तीन-चार शब्द असतील.

आणि मला काही ऐकू आलं नाही!

सांडशे, अकरा वर्षं ज्या उत्तराला घाबरून गेलो नाही, ते उत्तर त्याने दिलं आणि हा बहिरा ठोंब्या तिथे नुसता उभा. आमचं फाटलं तेव्हा मला सुई पडलेली ऐकू यायची. कान गेल्याचं त्याला माहीतच नाही. 'निघून जा' म्हणाला की 'आत ये' म्हणाला, देव जाणे. 'काय?' असं विचारायची लाज वाटली. एवढी माफी मागून वर 'काय म्हणालास?' कसं विचारायचं? मी मान हलवली आणि परत आलो. कोपऱ्यावरून वळून बघितलं तर दार उघडंच होतं. पण तो आत गेला होता की दारात होता, ते या डोळ्यांना दिसलं नाही. तू झाकण उलटसुलट करतेस ना, तसे मी त्याचे ओठ गेले आठ दिवस आठवून बघतोय. कधी हे म्हणतात, कधी ते.

झाकणाचा अर्थ विचारतेस. जुना मामा असता तर लगेच लिहिलं असतं, चिडलेला माणूस झाकण धुऊन देत नसतो, ते तुझंच आहे, निजून जा. आणि तू खूश झाली असतीस. पण मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. मला माणसं कळली असती तर डाव्या हाताशी खेळत बसलो असतो का?

ज्याने ठेवलं त्यालाच विचारावं लागेल. त्याची बायको पडून आहे, घरी तो असणारच. पत्ता मिळव. सुट्टीच्या दिवशी जा, झाकण बरोबर ने, आणि दार उघडलं की सरळ विचार. हाकलून देईल कदाचित. दिलं तर परत येऊन मला लिही, आपण दोघं मिळून रडू. पण माझ्यासारखी अकरा वर्षं घालवू नकोस.

मी बाजारातून एक पाटी आणि पेन्सिल आणलीय, लहान मुलांची असते तशी. दुकानदाराने हात कमरेएवढा धरून खुणेने विचारलं, नातवाला का? मी म्हटलं, भिडूला. उद्या सकाळी ती घेऊन त्याच्या दारी जाणार आहे. वर मी आधीच लिहून ठेवलंय: 'मला ऐकू येत नाही. मागच्या वेळी काय म्हणालास ते इथे लिही.' खाली जागा भरपूर सोडली आहे. शिवी लिहिली तरी मावेल.

तू झाकण घेऊन जा. मी पाटी घेऊन जातो. मग काय झालं ते एकमेकांना कळवू, जसं झालं तसं, काही जादा न घालता.

मामा